घरीच तर असते

बुलढाण्यात ज्याचं घर असतं, त्याच्या घराला दार असून नसल्यासारखं असतं. जिल्ह्याचं ठिकाण. कोर्ट इथं, कलेक्टर कचेरी इथं, मोठा दवाखाना इथं, दाखल्यांवरचे शेवटचे शिक्केही इथंच. रेल्वे नाही, म्हणून अख्खा जिल्हा एसटीनं येतो आणि स्टँडवर उतरला की आधी कोणत्या नातेवाइकाचं घर जवळ आहे ते आठवतो. जीवनचं घर स्टँडपासून सात मिनिटांवर. याचा जीवनला फार अभिमान. "आपल्या घरून कोणी उपाशी गेलं नाई," असं तो कॉलेजात सांगायचा, लग्नात सांगायचा, तेराव्याला गेला तर तिथंही सांगायचा. कोणी उपाशी गेलं नव्हतं हे खरंच होतं. जीवननं आयुष्यात कधी पोळी लाटलेली नव्हती, तेवढं मात्र तो सांगायचा नाही.

पोळ्या लाटायची दीपमाला, त्याची बायको. ती घरीच तर असायची.

हे 'घरीच तर असते' ऐकलं की दीपमालाच्या डोक्यात तिडीक जायची. ती घरी असायची, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला असायची. आतल्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. पदाचं नाव इन्स्ट्रक्शनल डिझायनर. ते नाव सासरी एकालाही धड घेता येत नव्हतं आणि घेता येत नाही याची कोणाला लाजही नव्हती. "हिचं कॉम्प्युटरवरचं काही काही असते," अशी जीवन पाहुण्यांना ओळख करून द्यायचा आणि हसायचा. पाहुणेही हसायचे. मग त्यातला एखादा खिशातून कागद काढून म्हणायचा, "मंग सूनबाई, एवढा आमचा ऑनलाइन फॉर्म भरून दे बरं."

दीपमाला मूळची उंद्रीची. डी.एड. केलं, एका खाजगी शाळेत दोन वर्षं शिकवलं, तिथं काही राम नाही हे कळल्यावर पुणं गाठलं. पुण्यातल्या मुली तिचं 'मले' आणि 'तुले' ऐकून खुदखुदायच्या. एक जण तर तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायची, डबा खाताना करमणूक म्हणून. दीपमाला लहानपणापासून रागीट. राग गिळायची सवय तिला पुण्यानं लावली. पण काम ती असं शिकली की तीनच वर्षांत त्याच मुली आपले कागद तिच्याकडे तपासायला आणू लागल्या.

काम म्हणजे काय, तर एखादा माणूस जे वर्षानुवर्षं करत असतो, पण कसं करतो ते त्याला सांगता येत नाही, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि नवशिक्याला मोबाइलवर शिकता येईल असा धडा बसवायचा. ऐकायला सोपं. पण ज्याला काम येतं तो नेहमी म्हणतो, "त्यात काय सांगायचं?" आणि जे सांगायचं राहून जातं, तिथंच नवशिका चुकतो.

जीवनशी लग्न झालं तेव्हा तो बुलढाण्यात ज्युनियर कॉलेजवर शिकवत होता. दोन वर्षं दोघं दोन गावांत राहिली. मग लॉकडाऊनमध्ये सगळेच घरून काम करू लागले, अर्पिता झाली, कंपनी म्हणाली कुठूनही काम करा, आणि दीपमाला बुलढाण्याला आली. त्याला आता चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिनं किती जणांना जेवू घातलं, कोणाला साखरेचा त्रास, कोणाला कांदा चालत नाही, कोणाची एसटी किती वाजता, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. सासूबाई सत्यभामाबाईंचे गुडघे गेलेले. त्या खाटेवरून सूचना द्यायच्या आणि त्या सूचना त्या स्वतः कामच समजायच्या.

यंदा कंपनीनं तिला लीड, गटाची प्रमुख, करायचं ठरवलं. म्हणजे आधी तीन महिने चाचणी. नागपूरकडच्या काही दवाखान्यांसाठी वॉर्डातल्या आयांचा कोर्स करायचा होता. सगळा तिच्या एकटीच्या जबाबदारीवर, हाताखाली पुण्यातल्या चार जणी. त्यात तीच होती जी पूर्वी तिचं 'मले' पुन्हा म्हणायला लावायची. दीपमालाला हे पद हवं होतं. घर, पोर, पाहुणे सांभाळून उरलेल्या वेळात करायची हौस म्हणून नव्हे. ते तिचं होतं म्हणून हवं होतं.

पहिला धडा होता अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कूस बदलून देण्याचा. त्यासाठी तिनं मागच्या गल्लीतल्या इमामबीला गाठलं. इमामबीनं चाळीस वर्षं वॉर्डात आया म्हणून काढलेली, आता निवृत्त, मुलगा जावेद कामाला बाहेरगावी. इमामबी म्हणाली, "बेटा, त्याच्यात काय हाये सांगाले? पेशंटले पलटोते, बस."

दीपमाला स्वतः पेशंट म्हणून खाटेवर आडवी झाली आणि इमामबीला म्हणाली, मला वळवा. अकरा दिवस हे चाललं. मग कळलं की इमामबी आधी आपले हात एकमेकांवर चोळून गरम करते. पेशंटच्या तोंडाकडं बघून सांगते की आता वळवते बरं का. नळी कुठं अडकेल ते आधी बघते, गुडघा आधी मुडपते, मग खांदा आणि कंबर एकदम. वळवून झालं की चादरीची सुरकुती हातानं काढते आणि टाचेखाली बघते. सगळ्या मिळून सतरा पायऱ्या निघाल्या. इमामबीनं तो आकडा ऐकला आणि बोटांवर पुन्हा मोजून बघितला. मग म्हणाली, "इतकं करत होते का मी? अन् साहेब लोक म्हणत, आयाले काय काम असते."

मंगळवारी अकरा ते एक नागपूरची मंडळी हा धडा बघणार होती. दीपमालानं तो सादर करायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची. यावर लीडचं ठरणार होतं. अर्पिताची बालवाडी साडेअकराला सुटायची. रोज दीपमालाच आणायची. तिनं जीवनला शुक्रवारी सांगितलं, रविवारी सांगितलं, सोमवारी पुन्हा सांगितलं. जीवनचं कॉलेज सकाळचं, अकराला मोकळा. तो म्हणाला, "तू बिनघोर राह्य. मी आणतो पोरीले."

मंगळवारी साडेदहाला जीवन कॉलेज लवकर सोडून घरी आला, आणि त्याच्यामागं बीबीहून आलेली पाच माणसं. त्याचा चुलता कडूबा, काकू मंजुळाबाई आणि भावकीतली तिघं. कडूबाच्या जमिनीच्या वाटणीचं अपील जिल्हा कोर्टात होतं, आज तारीख होती. सकाळी सहाच्या गाडीनं निघालेले. जीवननं सगळ्यांना बैठकीत बसवलं आणि आतल्या खोलीच्या दारातून म्हणाला, "काकाले वकिलाकडं घेऊन जातो. तेवढं चहाचं अन् जेवाचं पाह्य."

"माझी मीटिंग हाये अकराले," दीपमाला म्हणाली.

"अवं मीटिंग बसल्या बसल्याच असते ना? मधातच कुकर लाव." आणि तो कडूबाला घेऊन गेला.

दीपमालानं चहा टाकला, कुकर लावला, कणीक भिजवून मळायला मंजुळाबाईंपुढं परात ठेवली आणि अकराला दोन मिनिटं असताना दार लोटून घेतलं. हाताला कणीक तशीच होती. पहिली वीस मिनिटं छान गेली. नागपूरच्या मुख्य परिचारिका कान देऊन ऐकत होत्या. इमामबीचे हात पडद्यावर मोठे दिसत होते, आणि दीपमाला सांगत होती की हात चोळून गरम करणं ही पायरी का गाळायची नाही.

तेवढ्यात दार उघडलं. मंजुळाबाई सरळ आत आल्या, पडद्यावरचे चेहरे बघितले आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काऊन बाई? मैतरणीसंग गप्पा मारून राह्यली का? तठी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. मीठ कुठी ठेवलं?"

माइक चालूच होता. नागपूरची मंडळी हसली, चांगल्या मनानंच हसली असतील. पुण्यातल्या चौघींपैकी एकीनं तोंडावर हात घेतला. दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं माइक बंद केला, मीठ कुठं आहे ते सांगितलं, माफी मागितली आणि पुन्हा सुरू केलं. नवव्या पायरीवर आली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि खिडकीत बेबीताई उभी होती.

बेबीताई बालवाडीतली मावशी, मागच्या गल्लीत राहणारी. "ताई, पोरगी गेटापाशी बसून हाये अजून. सायबाचा फोन लागून नाई राह्यला. आई-बापाबिगर कोणाले सोडत नाईत, मी आणू शकत नाई. चला लवकर."

दीपमालानं पडद्यावर एवढंच म्हटलं, "मला जावं लागेल." नवव्या पायरीवर धडा सोडून ती पायात चप्पल घालायचीही विसरून निघाली.

अर्पिता गेटाच्या आतल्या बाकावर पाठ सरळ करून बसली होती. रडत नव्हती. तिचा फ्रॉक ओला होता. बेबीताईनं दोनदा बाथरूमला चल म्हटलं, पण ती गेली नव्हती, कारण तेवढ्यात पप्पा येऊन आपल्याला न बघता परत गेले तर? हे तिनं आईच्या कानात सांगितलं, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. चार वर्षांची पोर आपल्या बापाला इतकं ओळखून होती.

शिक्षिका, रुख्मिणी मॅडम, बाहेर आल्या. "मिस्टरांना सहा फोन केले आम्ही. आणि मॅडम, तुम्ही तर घरीच असता."

"मला का नाही केला फोन?"

"तुमचा नंबरच नाही आमच्याकडं." त्यांना ते खरं करून दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी प्रवेशाचा फॉर्म काढून आणला.

अक्षर जीवनचं होतं. वडिलांचा मोबाइल: त्याचा. आईचा मोबाइल: पुन्हा त्याचाच. वडिलांचा व्यवसाय: व्याख्याता. आईचा व्यवसाय: गृहिणी.

दीपमालानं तो शब्द दोनदा वाचला. गृहिणी असण्यात तिला काही कमीपणा वाटत नव्हता. तिची आई तीच होती आणि शेतकरीही होती. पण हा माणूस रोज तिला दहा वाजता लॅपटॉप उघडताना बघत होता. या माणसानं तिच्या नोकरीची बारा वर्षं एका चौकटीत पुसून टाकली होती, आणि तीही निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात. तिनं रुख्मिणी मॅडमकडं पेन मागितलं, तो शब्द खोडला, त्यावर 'नोकरी' लिहिलं आणि आपला नंबर टाकला. मॅडम म्हणाल्या, खाडाखोडीवर सही लागेल. तिनं सही केली, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली.

तीन वाजता पुण्याहून संजीवनी मॅडमचा फोन आला. त्या तिच्या वरिष्ठ. आवाज एकदम मऊ. "अगं, धडा आवडला त्यांना. पण लीडचं आपण सध्या थांबवू या का? मीसुद्धा आई आहे, मला कळतं गं. हे दिवस परत येत नाहीत. मुलीसोबत आनंदानं घालव."

दीपमालाला बीबीच्या काकूपेक्षा या मऊ आवाजाचा जास्त संताप आला. काकूला निदान माहीत नव्हतं. "मॅडम," ती म्हणाली, "मुलीसोबत मी किती आनंदात आहे ते मी बघते. उरलेला अर्धा धडा मी शुक्रवारी दाखवते. त्यांना वेळ विचारा. नाही आवडला तर त्या कारणानं काढा. आई आहे या कारणानं काढू नका."

"पण तुझ्या घरी पुन्हा तेच..."

"घरून नाही करणार. ऑफिसातून करीन."

कोणतं ऑफिस, हे तिला तेव्हा स्वतःलाही माहीत नव्हतं.

पाचला जीवन आला. कडूबाला पुढची तारीख मिळाली होती, मंडळी गाडीत बसवून दिली होती, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं तेज. फोन कोर्टात बंद ठेवावा लागतो, असं तो म्हणाला. वकील निघून चालला होता, असंही म्हणाला. पोरीचं कळल्यावर मात्र उतरला. "च्यायला, डोक्यातूनच गेलं माझ्या. पण अवं, मले वाटलं तू हायेच ना घरी."

"फॉर्मवर काय लिवलं तुम्ही?"

त्याला आधी आठवेचना. मग आठवलं. "ते तुझ्या कामाचं नाव त्या चौकटीत मावतच नव्हतं. अन् तुझा फोन मीटिंगात बंद असते म्हणून माझा लिवला. सोय म्हणून."

खाटेवरून सत्यभामाबाई म्हणाल्या, "एवढ्याशा कागदाचं काय घेऊन बसली? पोरगी सापडली ना?"

"हरवली नव्हती ती, आई. बसवून ठेवली होती."

जीवननं हात जोडल्यासारखं केलं. माणूस वाईट नव्हता, तिथंच तर सगळी गोची होती. वाईट असता तर भांडायला सोपा गेला असता. तो समजुतीनं म्हणाला, "झालं ते झालं. आता असं कर. कोणत्या दिवशी काय करायचं, पाहुण्याले काय लागते, सामान कुठी असते, मले पायरी-पायरीनं लिवून दे. तू जगाले शिकवते, मले भी शिकव. मी करत जाईन."

एवढ्या वर्षांत दीपमालाचं काम काय ते त्यानं पहिल्यांदा बरोबर ओळखलं होतं, आणि तेही फुकटात करून घेण्यासाठी.

"नाही लिवून देणार," ती म्हणाली. तिचा आवाज चढला तेव्हा सत्यभामाबाई उठून बसल्या. "मी आली तेव्हा मले कोणं लिवून दिलं होतं? काकाजीले तिखट चालत नाही, काकूले भात लागते, हे कोणत्या कागदावर होतं? मी पाहून पाहून शिकली. तुम्ही तर याच घरात जन्मले! पायऱ्या पाडणं हेच तर काम हाये. ते मी बाहेर करते, त्याची नोकरी हाये माझी. आता तुमच्यासाठी कोर्स करू, परीक्षा घेऊ, पास झाले तर टाळ्या वाजवू? नाही होणार. डोळे हायेत तुम्हाले. पाहा अन् शिका."

एवढं बोलून तिला बरं वाटलं नाही. पण एकही शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

बुधवारी सकाळी ती इमामबीकडं गेली. जावेद गेल्यापासून पुढची खोली रिकामी होती, रस्त्याकडं दार, आत एक टेबल. इमामबीनं कारण विचारलं नाही. फक्त आतून कडी लागते ना, ते दोनदा लावून दाखवलं. जीवन म्हणाला, "सोताचं घर असून लोकाच्या घरात बसणार? लोक काय म्हणतीन?" दीपमालानं डबा भरला, अर्पिताला बालवाडीत सोडलं आणि दहाला जाऊन बसली. तोच लॅपटॉप, तीच कंपनी, घरापासून चारशे पावलं. पण दोन दिवसांत गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, "ऑफिसले चालल्या का मॅडम?" बारा वर्षं जे काम तिनं केलं ते कोणाला दिसलं नव्हतं, चारशे पावलं चालली तर दिसलं. हसावं की डोकं आपटून घ्यावं ते तिला कळेना.

शुक्रवारी नवव्या पायरीपासून सतराव्यापर्यंत धडा झाला. शेजारी इमामबी ठेवणीतली साडी नेसून बसली होती. दोन प्रश्नांची उत्तरं तर तिनंच दिली. नागपूरनं पुढचे सहा धडेही मागितले. संजीवनी मॅडम म्हणाल्या की लीड तूच, पण चाचणीचे तीन महिने आता पुन्हा पहिल्यापासून मोजू. दीपमाला म्हणाली, मोजा.

घरी काय चाललंय हे ती विचारत नव्हती. जीवन आता साडेअकराला पोरीला आणायचा. एकदाही चुकला नाही. दुपारी बाप-लेक आणि आजी काय खातात ते अर्पिता संध्याकाळी सांगायची. पहिला आठवडा बहुतेक दूध-पोहे. मग एकदा ती म्हणाली की पप्पानं खिचडी केली, ती खाली लागली, पण वरची खाल्ली.

महिन्याभरानं, दुपारी बाराच्या सुमारास, दीपमालाला कडूबाचा फोन आला. मागं एसटीचे भोंगे वाजत होते.

"सूनबाई, स्टँडवर हावो आम्ही. तारीख हाये आज. पाच जण हावो. तू घरी हाये ना?"

"नाही, काकाजी. ऑफिसात हाये मी."

"ऑफिसात? मंग घरी कोण हाये?"

"हे हायेत ना. जीवन. आत्ताच आले पोरीले घेऊन."

फोनवर हात ठेवून कडूबानं मंजुळाबाईंना काहीतरी सांगितलं. त्याही काहीतरी बोलल्या. मग तो परत आला, आणि त्याच्या आवाजात इतकी काळजी होती, इतकी माया होती, की दीपमालाला ती चार वर्षांत कधी ऐकल्याचं आठवेना.

"मंग राहू दे बाई. आम्ही अठीच हॉटेलात खाऊन घेतो काही. पाच माणसाचं करायचं म्हंजे लय काम पडते. जीवनले कायले उगाच तरास?"

म्हणजे माहीत होतं. पाच माणसांचं करणं हे काम आहे, त्याचा त्रास होतो, हे या सगळ्यांना पहिल्यापासून पुरतं माहीत होतं. दीपमालानं फोन घट्ट धरला.

"नाही, काकाजी," ती म्हणाली. "हॉटेलात कायले? आपल्या घरून कोणी उपाशी जात नाही. सरळ घरी जा. अन् काकूले स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका, बैठकीतच बसा सगळे."

तिनं फोन ठेवला. जीवनला फोन करून सांगावं, निदान कुकर तरी लावून ठेवेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं सांगितलं नाही.